फूड हॉल, पण फूड कुठाय?

शुक्रवारची दुपार. साडेबाराची वेळ. पोटात कावळ्यांची सभा भरलेली. आणि मी शिकागोच्या ऐन डाऊनटाऊनमध्ये एका भल्यामोठ्या टच स्क्रीनसमोर उभी राहून एकेका फोटोवर बोट ठेवतेय. रामेन? ‘सध्या उपलब्ध नाही.’ फलाफल? ‘सध्या उपलब्ध नाही.’ राइस बोल? तेच उत्तर! स्क्रीनवर चौदा दुकानं होती आणि चौदाही फोटोंतून मस्त वाफा निघत होत्या. मान वळवून हॉलकडे बघितलं, तर दिवे लागलेले गाळे मोजून चार!

ऑफिसच्या कामासाठी दहा दिवस शिकागोला गेले होते. निघायच्या आधी टीममधल्या एका सीनियरने बजावलं होतं, “लंचला फूड हॉलमध्येच जा. फक्त बारा वाजायच्या आत टेबल धर, नाहीतर ट्रे हातात घेऊन उभ्याने खावं लागेल.” तो २०१९ मध्ये जाऊन आला होता. त्याच्या सल्ल्याला जागून मी बॅग टाकून खुर्ची अडवण्याच्या पूर्ण तयारीने गेले होते. लोकलमध्ये चौथी सीट मिळवणाऱ्या मुलीला हे काय कठीण! पण इथे अडवायचं कुणापासून? लांबच लांब लाकडी टेबलं, शे-दीडशे खुर्च्या आणि बसलेली माणसं पंधरा-वीस. वर उघड्या विटांची भिंत, पिवळे उघडे बल्ब, गुलाबी निऑनमध्ये लिहिलेलं ‘ईट’, आणि भरगच्च गर्दीसाठी निवडलेलं ढिंगच्याक म्युझिक रिकाम्या खुर्च्यांवरून घुमतंय. लग्नाच्या हॉलवर मुहूर्ताच्या दोन तास आधी पोचलं की कसं वाटतं ना, अगदी तसं!

या हॉलचं नाव मुद्दाम सांगत नाही. कारण हे गाऱ्हाणं एका हॉलचं नाहीच मुळी. आणि खरं सांगायचं तर, त्यातलं थोडंसं माझंसुद्धा आहे. कसं ते पुढे सांगते.

फूड कोर्ट नव्हे, फूड हॉल!

आधी एक गोष्ट क्लीअर करू. मॉलच्या वरच्या मजल्यावर असतं ते फूड कोर्ट. तिथे सगळे ब्रँड तेच, चव तीच. मुंबईत खा नाहीतर मनिलात. फूड हॉलची कल्पना वेगळी आहे. शहरातलेच छोटे शेफ, घरगुती रेसिपीवर दुकान काढलेली माणसं, एखादा चांगला बेकर... अशा सगळ्यांना एका छताखाली आणायचं. बसायची टेबलं सगळ्यांची मिळून एक. थोडक्यात, आपली खाऊगल्ली, पण एसीतली!

सॅन फ्रान्सिस्कोच्या जुन्या फेरी बिल्डिंगचं २००३ मध्ये असंच खाण्याच्या बाजारात रूपांतर झालं. २०१० मध्ये न्यूयॉर्कला इटालियन ‘ईटाली’ आलं. २०१४ मध्ये लिस्बनच्या जुन्या मंडईत ‘टाइम आउट मार्केट’ उघडलं आणि मग ही लाट जगभर पसरली. शिकागोच्या क्लार्क स्ट्रीटवर १९०७ सालच्या एका इमारतीच्या तळमजल्यावर २०१६ मध्ये ‘रिव्हायव्हल फूड हॉल’ सुरू झाला. २०१९ च्या नोव्हेंबरात फुल्टन मार्केट भागात ‘टाइम आउट’चं शिकागो मार्केट उघडलं. आणि पुढच्या चारच महिन्यांत काय झालं, ते तुम्हाला मी सांगायला नको. मार्च २०२०!

यातलं गणित मोठं इंटरेस्टिंग आहे. नवीन हॉटेल काढायचं म्हणजे जागा, फर्निचर, वेटर, भांडी घासायची व्यवस्था... लाखोंचा खेळ. फूड हॉलमध्ये मिळतो एक छोटा गाळा आणि एक छोटं किचन. टेबलं हॉलची, साफसफाई हॉलची. भाडंही बऱ्याच ठिकाणी विक्रीच्या टक्केवारीवर. म्हणजे नवख्या माणसाला पाऊल टाकायला सोपं. बिल्डिंगच्या मालकाचाही फायदा. वरच्या मजल्यांवर कंपन्या याव्यात म्हणून तळमजल्यावर छान वास दरवळत ठेवायचा!

सगळं कसं झकास. फक्त एक गोष्ट कुणी धरली नव्हती. ही सगळी दुकानं लिफ्टवर चालतात. बारा वाजता लिफ्ट माणसं खाली आणेल, या एका गोष्टीवर.

चार दिवे

उघड्या चार गाळ्यांत एक कॉफीचा, एक पिझ्झाच्या स्लाइसचा, एक सॅलडचा आणि शेवटचा टाकोचा. टाकोच्या गाळ्यामागे पन्नाशीच्या एक बाई एकट्याच उभ्या होत्या. तव्यावर मक्याच्या छोट्या भाकऱ्या... सॉरी, टॉर्टिया! पण खरंच सांगते, पिठाचा गोळा हातात घेऊन त्या तो ज्या तऱ्हेने फिरवत होत्या ना, ते बघून मला आमच्या घरचा ओटाच आठवला. मी व्हेज विचारल्यावर त्यांनी मश्रूम आणि निवडुंगाच्या पानांची भाजी पुढे केली. हो, निवडुंगच! त्याला ‘नोपालेस’ म्हणतात. भेंडीसारखी किंचित बुळबुळीत, वर लिंबू आणि हिरवी चटणी. तीन टाको चौदा डॉलरना. (रुपयांत गुणाकार करू नका, घास उतरणार नाही.)

गर्दी नव्हती, त्यामुळे गप्पा झाल्या. मी विचारलं, “आज सुट्टी आहे का कसली?”

बाई हसल्या. “आज शुक्रवार आहे.”

मला कळेना. त्या म्हणाल्या, “माझा आठवडा तीन दिवसांचा. मंगळवार, बुधवार, गुरुवार. सोमवारी थोडे येतात, शुक्रवारी कुणीच नाही.” पूर्वी त्या घराजवळच्या मेक्सिकन वस्तीत गाडीवर टाको विकायच्या. डाऊनटाऊनच्या ऑफिसवाल्यांचं गिऱ्हाईक मिळेल म्हणून इथे आल्या. आता तीन दिवसांत पाच दिवसांचं कमवावं लागतं. पण बोहनी तीन दिवसांची म्हणून विजेचं बिल काही तीन दिवसांचं येत नाही.

“मग तुम्हीही शुक्रवारी बंद का ठेवत नाही? बाकीच्यांसारखं?”

त्यांनी मानेनेच टेबलांकडे खूण केली. मी पहिल्यांदाच नीट बघितलं. बसलेल्या पंधरा-वीस जणांत लॅपटॉपवालं कुणीच नव्हतं! लॉबीतला सिक्युरिटी गार्ड होता. निळ्या युनिफॉर्ममधल्या दोन सफाई कामगार बायका होत्या. एक कुरिअरवाला होता. कमरेचा पट्टा न सोडता जेवणारे काचा पुसणारे दोघं होते. म्हणजे ज्यांचं काम घरून होत नाही, अशी सगळी मंडळी. “हे रोज येतात,” बाई म्हणाल्या, “यांना शुक्रवारीही भूक लागते.”

मग पीठ झाकता झाकता त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती अजून डोक्यातून जात नाहीये. रोज रात्री मका भिजत घालताना त्यांना अंदाज बांधावा लागतो, की उद्या किती जण येणार. चुन्याच्या पाण्यात मका शिजवायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी दळायचा. म्हणजे ठरवायचं आदल्या रात्रीच. पाऊस बघायचा, बर्फ बघायचा, सुट्ट्या बघायच्या. “चुकलं की फेकायचं. येणार नाही हे कुणी कळवत नाही ना!”

आजीची वही

रविवारी रात्री, म्हणजे आपल्याकडची सोमवार सकाळ, डोंबिवलीला घरी व्हिडिओ कॉल केला. आजीचा पहिला प्रश्न ठरलेला, “काय खाल्लंस?” मी तिला सगळी गोष्ट सांगितली. निवडुंगाची भाजी ऐकून ती हसली. पण चौदांतले चारच गाळे उघडे म्हटल्यावर एकदम गप्प झाली.

आता थोडं आजीबद्दल सांगायला हवं. माझी आजी लालबागला खानावळ चालवायची. हॉटेल नाही हं! चाळीतली दहा बाय बाराची खोली आणि बावीस जेवणारे. घाटावरून, कोकणातून गिरणीत कामाला आलेले, बायकापोरं गावी ठेवलेले बाप्ये. गिरणीच्या तीन पाळ्या, म्हणून आजीच्या चुलीच्याही तीन पाळ्या. भोंगा वाजला की ताटं मांडायची. पैसे महिन्याचे, पगार झाल्यावर. हिशेब एका लाल वहीत. या बायकांच्या मागे सावकारही लागलेले असायचे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं, तेव्हा कुठे त्यातल्या कितीतरी जणींनी मोकळा श्वास घेतला.

आजीच्या खानावळीचा एक नियम होता. पुण्यात मेसवर जेवलेल्यांना तो बरोबर ठाऊक असेल. खाडा! म्हणजे जेवायला येणार नसाल तर तसं सांगायचं, मग त्या ताटाचे पैसे कापले जातील. पण सांगायचं आदल्या रात्री. सकाळी सांगितलेला खाडा आजी धरत नसे. “भाकरी थापल्यावर सांगून काय उपयोग?” असं ती अजून म्हणते.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. भोंगे थांबले. पहिले काही महिने आजीने उधारीवर जेवू घातलं. मग एकेक जण गावी गेला. बावीसचे बारा झाले, बाराचे पाच. लाल वही अजून तिच्या ट्रंकेत आहे. शेवटच्या पानांवरचा हिशेब कधीच पुरा झाला नाही. आणि ती त्याबद्दल कुणाला नावंही ठेवत नाही.

तर फोनवर आजी म्हणाली, “ऑफिसं बंद पडली का गं तिथली?”

“नाही आजी, चालू आहेत. माणसं घरून काम करतात.”

“पगार मिळतो ना त्यांना?”

“पूर्ण मिळतो.”

“मग बरंय,” ती म्हणाली. जरा थांबून पुढे म्हणाली, “आमच्या वेळी जेवणारा आणि वाढणारी दोघंही एकदमच बुडाली. इथे जेवणारा तरला. वाढणारीचं काय?”

मी कॉल कट झाल्यासारखी गप्प! कारण आठवड्यातले दोन दिवस मीही घरूनच काम करते. सोमवार आणि... बरोबर ओळखलंत, शुक्रवार.

मंगळवारी या!

मंगळवारी पुन्हा त्याच हॉलमध्ये गेले. आणि काय सांगू! दारातूनच आवाज. चौदांतले अकरा गाळे उघडे, प्रत्येकापुढे रांग, टेबलावर जागा नाही. सीनियरचं म्हणणं अक्षरशः खरं झालं. ट्रे हातात घेऊन दहा मिनिटं उभी राहिले. गळ्यात कार्ड लटकावलेली माझ्याच वयाची पोरं-पोरी, एका हातात फोन, दुसऱ्या हातात बरिटो. टाकोच्या गाळ्यावर आज बाईंबरोबर दोन मदतनीस होते. त्यांनी मला बघून हात केला, पण बोलायला फुरसत कुणाला! उरलेल्या तीन गाळ्यांवर मात्र मंगळवारीही पडदाच होता. एकावर पाटी होती, ‘लवकरच येत आहे’. पाटीवर धूळ होती.

ही काही माझीच निरीक्षणशक्ती नाही. ऑफिसांच्या दारातली कार्डं किती वेळा स्वाइप होतात, यावरून अमेरिकेत ‘कॅसल सिस्टिम्स’ नावाची कंपनी हजेरी मोजते. त्यांच्या आकड्यांत मंगळवार हा सर्वांत गर्दीचा वार आणि शुक्रवार सर्वांत ओसाड. २०२३ मध्ये दहा मोठ्या शहरांची सरासरी हजेरी कोविडपूर्व काळाच्या साधारण निम्म्यावरच होती. शिकागो डाऊनटाऊनमध्ये तर २०२४ मध्ये ऑफिसची पाव भागाहून जास्त जागा रिकामी होती.

शहरानेही यावर विचार केलाय. फायनान्सवाल्यांच्या लासाल स्ट्रीटवरच्या जुन्या ऑफिस इमारतींत घरं करायची योजना २०२२ मध्ये जाहीर झाली. त्यातली किमान तीस टक्के घरं परवडणारी असावीत, अशी अटही घातली. म्हणजे रात्रीही तिथे दिवे दिसतील, शनिवारीही कुणीतरी नाश्ता मागेल. आयडिया एकदम पटण्यासारखी. ऑफिसचा माणूस दुपारचं एक जेवण जेवतो. राहणारा माणूस चहापासून रात्रीच्या आइस्क्रीमपर्यंत सगळं खातो. आपल्या दादर-गिरगावात शनिवारीही खाण्याची दुकानं भरलेली का असतात, याचं उत्तर यातच आहे. तिथे ऑफिसं आहेत, पण वर माणसं राहतातही.

पण इमारत फोडून घरं व्हायला वर्षं लागतात. मका मात्र रोज रात्री भिजवावा लागतो.

शुक्रवारची कणीक

मुंबईला परत आले. आमचं ऑफिस लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. हो, जिथे भोंगा वाजायचा तिथेच आता आम्ही कार्ड स्वाइप करतो! गेटबाहेरच्या गल्लीत एक काकू पोळी-भाजी विकतात. तीन वर्षं मी त्यांच्याकडे जेवतेय. त्यांच्या वांग्याच्या भाजीबद्दल मी स्वतंत्र लेख लिहू शकते. पण एक प्रश्न कधी विचारला नव्हता. तो या वेळी विचारला.

“काकू, शुक्रवारी किती पोळ्या करता?”

“शुक्रवारी निम्मीच कणीक मळते बाई,” त्या म्हणाल्या. “तरी उरतात. मागच्या शुक्रवारी चाळीस उरल्या. तुमच्या ऑफिसातून कोण येणार, कोण नाही, आम्हाला काय ठाऊक?”

चाळीस पोळ्या! त्यातल्या दोन माझ्या, एवढा हिशेब मला लगेच जमला.

आता यावर ‘चला, उद्यापासून रोज ऑफिसला जाऊ या’ असं काही मी म्हणणार नाहीये. डोंबिवलीची सकाळची आठ-सत्तावीस ज्याने पकडलीय, त्याला घरून काम म्हणजे काय सुख आहे, हे वेगळं सांगायला नको. ते सुख मी सोडणार नाही. कुणी सोडावं असंही म्हणणार नाही. पण आपण घरी आहोत, हे ज्या माणसाला सगळ्यात आधी कळायला हवं, त्यालाच आपण कळवत नाही. मॅनेजरला कळवतो, एचआरच्या सिस्टिममध्ये भरतो, कॅलेंडरवर हिरवा-लाल ठिपका लावतो. पोळीवाल्या काकूंना कोण सांगतं?

म्हणून आम्ही एक सोपी गोष्ट केली. आमच्या मजल्यावर काकूंकडे जेवणारे एकवीस जण निघाले. (आजीचे बावीस होते. एक कमी पडला!) त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि काकूंच्या मुलाला त्यात घेतलं. रोज रात्री आठपर्यंत उद्या न येणाऱ्याने एकच शब्द टाकायचा, ‘खाडा’. ज्यांना मराठी येत नाही, तेही आता बिनधास्त ‘खाडा’ लिहितात. आमच्या चेन्नईच्या कलीगला तर वाटतं, ही ऑफिसची काहीतरी अधिकृत टर्म आहे!

काकूंचा धंदा याने दुप्पट झालाय, असं मुळीच नाही. शुक्रवारी गिऱ्हाईक कमीच असतं. पण गेल्या तीन शुक्रवारी उरलेल्या पोळ्या होत्या सहा, चार आणि नऊ.

आजीला हे सांगितलं, तर तिने फक्त एवढंच विचारलं, “आठनंतर सांगितलेला खाडा धरत नाही ना गं?”

“नाही आजी.”

“हं. मग ठीक.”

शिकागोला जाणार असाल तर...

* डाऊनटाऊनला तिथे ‘लूप’ म्हणतात. डोक्यावरून धडधडत जाणाऱ्या ‘एल’ ट्रेनचं वेटोळं या भागाभोवती आहे. ते १८९७ मध्ये पूर्ण झालं. ओ’हेअर विमानतळावरून ब्लू लाइन पकडा, थेट लूपमध्ये उतरा.

* ऑफिस भागातल्या फूड हॉलमध्ये जायचं तर मंगळवार ते गुरुवार, साडेअकराच्या सुमारास. दुपारी उशिरा गेलात तर अनेक गाळे आवरायला लागलेले दिसतील.

* तरीही शुक्रवारीच गेलात, तर जो गाळा उघडा असेल तिथेच खा. तो कुणासाठी तरी मुद्दाम उघडा ठेवलेला असतो.

* डीप डिश पिझ्झाची ओळख शिकागोला ‘पिझेरिया उनो’ने १९४३ मध्ये करून दिली. एक पिझ्झा दोघांत भरपूर होतो.

* घरच्या जेवणाची आठवण फारच आली, तर डेव्हॉन अॅव्हेन्यू गाठा. डाळ, पीठ, मसाले, मिठाई... सगळं मिळतं.

* मिशिगन अॅव्हेन्यूवरचं आर्ट इन्स्टिट्यूट चुकवू नका. ११ सप्टेंबर १८९३ ला स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्म परिषदेत भाषण केलं, ते याच इमारतीत.